मरीन सर्व्हेचं काम बदलतंय: काय पक्कं शिकायचं आणि नवं काम कुठे आहे

कार्गो (जहाजातला माल) आणि हल (जहाजाचं धड) यांच्या सर्व्हेचं, म्हणजे पाहणी-मोजणीचं, काम सुरू करायचं असेल, किंवा हाती असलेलं वाढवायचं असेल, तर एक गोष्ट आधी ओळखा: दुसऱ्याने दिलेला आकडा उतरवून त्याखाली सही करण्याचं काम आटत चाललंय. जहाजांना इंधन पुरवणाऱ्या बंकर बार्जवर तेलाचं वजन थेट मोजणारे मास फ्लो मीटर बसत आहेत. जहाजांना दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या क्लास सोसायट्यांच्या काही पाहण्या व्हिडिओवरून होतात आणि त्यासाठीचा आयएसीएसचा (त्या सोसायट्यांच्या संघटनेचा) नियम, यूआर झेड२९, १ जानेवारी २०२३ पासून लागू आहे. फोटो आणि आकडे दिले की रिपोर्टचा कच्चा मसुदा सॉफ्टवेअर लिहून देतं. याउलट जिथे कोणीतरी जागेवर उभं राहून मोजायला हवं, नमुना स्वतःच्या हाताने काढायला हवा आणि तो आकडा पुढे लवादासमोर टिकायला हवा, तिथे चांगल्या माणसाला काम कमी पडत नाही. म्हणून आधी मोजमाप पक्कं करा, नव्या कामांकडे त्यानंतर वळा.

ड्राफ्ट सर्व्हे: पाया इथेच पक्का होतो

जहाज रिकामं आणि भरलेलं असताना पाण्यात किती बुडतं (ड्राफ्ट) यावरून बल्क कार्गोचं, म्हणजे सुट्या मालाचं, वजन ठरवण्याची ही पद्धत जुनी आहे, पण नीट करणारे थोडेच. सगळं जमून आलं तर अचूकता साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. पॅनामॅक्स आकाराच्या (जुन्या पनामा कालव्यातून जाऊ शकणाऱ्या) जहाजाचा टीपीसी, म्हणजे एक सेंटीमीटर बुडायला लागणारं वजन, साधारण ६६ टन असतो. एका सेंटीमीटरची चूक म्हणजे ६६ टनांचा वाद.

ड्राफ्ट सहा ठिकाणी वाचायचा: पुढे, मध्ये आणि मागे, दोन्ही बाजूंना. मेट्रिक खुणांमध्ये आकड्याची उंची १० सेंमी असते आणि आकड्याची खालची कड हा खरा ड्राफ्ट. पाणी हलत असेल तर एका नजरेत आकडा घेऊ नका. लाटेची वरची आणि खालची पातळी सलग बऱ्याच वेळा लिहा, मग सरासरी काढा. समुद्राकडच्या बाजूला बोट मिळत नाही म्हणून तिथला आकडा ‘अंदाजे’ लिहिणं हा या कामातला सगळ्यात मोठा आळस. मधल्या ड्राफ्टसाठी सोपा मार्ग आहे: डेक लाइनपासून (जहाजाच्या बाजूवरची डेकची खूण) पाण्यापर्यंतची उंची, म्हणजे फ्रीबोर्ड, टेपने मोजा, जहाजाच्या कागदांतल्या समर ड्राफ्ट आणि समर फ्रीबोर्डच्या बेरजेतून तो वजा करा.

वेळही महत्त्वाची. कमी खोलीच्या बर्थवर भरती-ओहोटीचा जोरदार प्रवाह असेल तर बांधलेलं जहाजही थोडं खाली बसतं आणि ट्रिम, म्हणजे पुढच्या-मागच्या ड्राफ्टमधला फरक, बदलतो. पाणी स्थिर असताना वाचा. दुपारच्या उन्हात डेक तापतो, तळ थंड राहतो आणि जहाज मध्ये वर उचललं जातं. वाचन चालू असताना क्रेन, बलास्टचे (तोलासाठी टाक्यांत घेतलेल्या पाण्याचे) पंप आणि हॅच कव्हरची (माल ठेवायच्या होल्डच्या झाकणाची) हालचाल बंद ठेवायला चीफ ऑफिसरला आधीच सांगून ठेवा.

आता एक हिशेब पूर्ण पाहू. दोन परपेंडिक्युलरमधलं (जहाजाची लांबी मोजायच्या पुढच्या आणि मागच्या उभ्या रेषांमधलं) अंतर २१७ मीटर. दोन्ही बाजूंची सरासरी धरून पुढे १३.६३, मध्ये १३.८८ आणि मागे १४.०३ मीटर. पुढची खूण फॉरवर्ड परपेंडिक्युलरच्या १.८ मीटर मागे आहे, मागची खूण आफ्ट परपेंडिक्युलरच्या ७.२ मीटर पुढे आहे आणि मधली खूण बरोबर मध्यावर. म्हणजे खुणांमधलं अंतर २०८ मीटर आणि दिसणारा ट्रिम ०.४० मीटर.

पुढची दुरुस्ती: ०.४० गुणिले १.८ भागिले २०८, म्हणजे ०.००३५ मीटर. जहाज मागे झुकलेलं आहे, म्हणून ही वजा होते: १३.६२६५. मागची दुरुस्ती ०.०१३८, ती मिळवायची: १४.०४३८. खरा ट्रिम ०.४१७३ मीटर.

यानंतर क्वार्टर मीन, म्हणजे मधल्या ड्राफ्टला जास्त महत्त्व देणारी सरासरी. पुढचा आणि मागचा ड्राफ्ट एकेकदा, मधला सहा वेळा, आणि बेरजेला ८ ने भाग. उत्तर १३.८६८८ मीटर. फक्त पुढचा-मागचा मध्य घेतला असता तर १३.८३५२ आला असता. फरक ३.३६ सेंमी, म्हणजे सुमारे २२२ टन. जहाज मध्ये खाली वाकलेलं आहे, त्याचा हा परिणाम. मधला ड्राफ्ट डोळ्याच्या अंदाजाने लिहिणाऱ्याच्या हातून एवढं वजन कागदावरून नाहीसं होतं.

ट्रिमची पहिली दुरुस्ती: ट्रिम, मध्यापासून एलसीएफचं (ज्या बिंदूभोवती जहाज पुढे-मागे झुकतं त्याचं) अंतर, टीपीसी आणि १०० यांचा गुणाकार, भागिले जहाजाची लांबी. एलसीएफ मध्याच्या २.५ मीटर मागे असेल तर इथे ३१.७ टन येतात, आणि ट्रिमही मागे असल्याने ते मिळवायचे. चिन्ह चुकलं की चूक दुप्पट होते: ६३ टन. चिन्ह चुकण्याचं कारण बहुतेक वेळा जहाजाचे ड्राफ्टनुसार आकडे देणाऱ्या हायड्रोस्टॅटिक तक्त्यातच सापडतं. काही तक्त्यांत मध्याच्या मागे अधिक असतं, काहींत उणे, आणि काहींत एलसीएफ आफ्ट परपेंडिक्युलरपासून मोजलेला असतो. शंका आली तर तक्त्यात वरून खाली बोट फिरवा. नेहमीच्या बल्क कॅरिअरमध्ये ड्राफ्ट वाढत जातो तसा एलसीएफ मागे सरकतो. कोणत्या दिशेला आकडे वाढतायत ते पाहिलं की चिन्हाची भानगड मिटते.

दुसरी दुरुस्ती: ट्रिमचा वर्ग गुणिले ५० गुणिले एमटीसीमधला (ट्रिम एक सेंमी बदलायला लागणाऱ्या मोमेंटमधला) फरक, भागिले लांबी. हा फरक ड्राफ्टच्या ५० सेंमी वर आणि ५० सेंमी खाली बघून घ्यायचा. ही दुरुस्ती नेहमी अधिकच असते. भरलेल्या जहाजात ती टन-दोन टनांची असते म्हणून अनेक जण सोडून देतात. पण रिकाम्या जहाजाचा ट्रिम ३ मीटर आणि एमटीसीमधला फरक २५ असेल तर तीच दुरुस्ती ५० टनांच्या वर जाते.

जहाज ज्या पाण्यात उभं आहे त्याच्या घनतेसाठी नमुने जहाजाच्या लांबीवर वेगवेगळ्या ठिकाणी, ड्राफ्टच्या साधारण निम्म्या खोलीवरून घ्या. बादलीने वरचं पाणी काढलं तर नदीच्या मुखाजवळ फसाल, कारण तिथे गोडं पाणी वर तरंगतं. नमुना वर आला की लगेच वाचा. हायड्रोमीटर (घनता मोजायचं उपकरण) ड्राफ्ट सर्व्हेचा, म्हणजे हवेतल्या वजनावर बेतलेला असावा. प्रयोगशाळेतला, निर्वात घनतेवर बेतलेला हायड्रोमीटर वापरला तर ०.००११ चा फरक पडतो, जो भरलेल्या पॅनामॅक्सवर ९० टनांच्या आसपास जातो. तापमानाची वेगळी दुरुस्ती करू नका, कारण जहाजाचं पोलाद आणि उपकरण यांच्या प्रसरणाचा हिशेब या पद्धतीत एकमेकांना जवळपास झाकतो. तक्ता १.०२५ चा आणि पाणी १.०२२ चं असेल तर ८६,५०० टनांच्या डिस्प्लेसमेंटमधून (जहाजाच्या एकूण वजनातून) २५३ टन कमी होतात. हा एवढा मोठा आकडा आहे आणि हायड्रोमीटर मात्र कित्येकांच्या बॅगेत कॅलिब्रेशन सर्टिफिकेटशिवाय पडलेला असतो.

खरी पंचाईत होते ती बलास्टमध्ये. ‘प्रेस्ड अप’ (काठोकाठ भरलेली) लिहिलेली टाकी भरलेली असेलच असं नाही; ट्रिममुळे पुढच्या कोपऱ्यात हवा अडकते. ओव्हरफ्लो स्वतः बघा, नाहीतर टाकी मोजता येईल एवढी खाली करून घ्या. साउंडिंग पाइपची (टाकीतली पातळी मोजायच्या नळीची) लांबी तक्त्याशी जुळवा. पाइप गाळाने भरला असेल तर फरक लगेच दिसतो. प्रत्येक मोठ्या टाकीतल्या पाण्याची घनता वेगळी मोजा, कारण मागच्या बंदरात नदीचं पाणी घेतलेलं असू शकतं. ट्रिम टाकीच्या तक्त्याच्या बाहेर गेला असेल तर अंदाजाने पुढचा आकडा काढू नका, जहाजाचा ट्रिम कमी करून घ्या.

शेवटी कॉन्स्टंट. रिकाम्या जहाजाच्या डिस्प्लेसमेंटमधून लाइटशिप (नुसत्या जहाजाचं वजन), बलास्ट, इंधन आणि पाणी वजा केल्यावर उरतं ते. मागच्या सर्व्ह्यांचे कॉन्स्टंट मागून घ्या आणि तुमचा त्यांच्याशी पडताळा. उणे आला तर कुठेतरी चूक आहे, बहुतेक बलास्ट जास्त धरलंय. तेव्हा हिशेब जुळवत बसू नका, परत टाक्यांवर जा.

ओला कार्गो: सही करण्याआधी

२ जानेवारी २०१५ ला बल्क ज्युपिटर हे बॉक्साइट भरलेलं जहाज व्हिएतनामजवळ बुडालं आणि १९ पैकी १८ खलाशी गेले. त्यानंतरच्या अभ्यासातून बॉक्साइटच्या बारीक कणांचं वागणं नव्याने समजलं, आणि २०२१ पासून आयएमएसबीसी कोडमध्ये (सुट्या घन मालाच्या समुद्री वाहतुकीच्या नियमांत) असं बॉक्साइट ग्रुप ए मध्ये, म्हणजे ओलाव्यामुळे द्रवासारखं वागू शकणाऱ्या कार्गोंमध्ये, सक्तीने आलं. निकेल ओर आणि आयर्न ओर फाइन्सचा धोका तर जुनाच.

तपासायचं काय? टीएमएलची (माल सुरक्षितपणे नेता येईल अशा ओलाव्याच्या कमाल मर्यादेची) चाचणी लोडिंगच्या आधीच्या सहा महिन्यांतली हवी. ओलाव्यासाठी नमुना घेणं आणि लोडिंग सुरू होणं यांत सात दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, आणि मध्ये जोराचा पाऊस झाला तर ओलावा परत मोजायचा. ओलावा टीएमएलच्या खाली पाहिजे. नमुना ढिगाच्या वरच्या वाळलेल्या थरातून काढलेला आहे की खोलवरून, हे विचारा आणि शक्य असेल तर उभं राहून बघा. सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते: सर्टिफिकेट एका ढिगाचं, बार्जमध्ये आलेला माल दुसऱ्या ढिगाचा.

कॅन टेस्ट तुम्ही स्वतः करू शकता. अर्धा ते एक लिटरचा डबा अर्धा भरा आणि साधारण २० सेंमी उंचीवरून कठीण पृष्ठभागावर २५ वेळा आपटा, दोन आपटींमध्ये एक-दोन सेकंद सोडून. वर पाणी सुटलं किंवा माल लगद्यासारखा झाला तर लोडिंग थांबवून प्रयोगशाळेकडे जायचं. काही सुटलं नाही तर? त्याने काहीच सिद्ध होत नाही. टीएमएलच्या वर असलेला मालही कॅन टेस्टमध्ये कोरडा दिसू शकतो. ‘कॅन टेस्ट पास’ असं रिपोर्टमध्ये लिहून लोडिंगला हिरवा कंदील दाखवणं म्हणजे खलाशांच्या जिवाशी खेळणं आहे.

हॅच कव्हर आणि ओलं नुकसान

अल्ट्रासॉनिक तपासणीत ट्रान्समीटर होल्डमध्ये ठेवतात आणि आधी कव्हर उघडं असताना ओपन हॅच व्हॅल्यू (अडथळ्याशिवायचं मूळ वाचन) घेतात. मग कव्हर बंद करून रबराच्या संपूर्ण रेषेवरून रिसीव्हर फिरवायचा. वाचन ओपन हॅच व्हॅल्यूच्या १० टक्क्यांवर गेलं तर तिथे रबर पुरेसं दाबलं जात नाही. उपकरण आणि ते चालवणारा, दोघांचं प्रमाणपत्र असायला हवं. दोष सापडला की खलाशी क्लीट आवळायला धावतात, त्यांना थांबवा. क्लीट कव्हरला जागेवर धरून ठेवतात, रबर दाबणं हे त्यांचं काम नाही. कारण शोधायचं ते बेअरिंग पॅड, कॉम्प्रेशन बार आणि रबरात पडलेला कायमचा खड्डा यांच्यात. पॅड झिजलेले असतील तर नवं रबरही थोड्याच दिवसांत चेपून जाईल. ड्रेनचे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बघायला विसरू नका.

माल भिजला असेल तर सिल्व्हर नायट्रेट वापरतात. ओल्या भागावर थेंब टाकला आणि पांढरा ढग उठला की क्लोराइड आहे. फक्त एवढंच. समुद्राचं पाणी आत आलं, हे त्यावरून ठरत नाही. पोटॅशसारख्या खतात क्लोराइड मुळातच असतं, आणि आधी समुद्राच्या पाण्याने धुतलेल्या होल्डमध्ये मीठ उरलेलं असतं. त्याच मालाच्या कोरड्या भागावर आणि होल्डच्या भिंतीवरही थेंब टाका आणि तिन्हींचे फोटो एकाच प्रकाशात घ्या. ही तुलना नसेल तर समोरचा वकील तुमची चाचणी दोन मिनिटांत निकालात काढेल.

नवं काम

घातक पदार्थांची यादी, म्हणजे आयएचएम, हे आत्ता वाढणारं काम आहे. जहाज तोडणीबद्दलचं हाँगकाँग कन्व्हेन्शन २६ जून २०२५ ला लागू झालं. त्यानुसार ५०० ग्रॉस टनेजपासून वरच्या जहाजांना ही यादी लागते, आणि आधीपासून चालू असलेल्या जहाजांना पाच वर्षांची, म्हणजे २६ जून २०३० पर्यंतची मुदत आहे. जहाज त्याआधी तोडायला निघालं तर त्याआधीच. कामाचा क्रम असा: जहाजाचे नकाशे आणि खरेदीचे कागद गोळा करणं, त्यावरून कुठे काय असू शकतं याचा तपासणी आराखडा बनवणं, जहाजावर पाहणी आणि नमुने, प्रयोगशाळा, मग यादी. अ‍ॅस्बेस्टॉस शोधताना गॅस्केट, पाइपांचं इन्सुलेशन, ब्रेकचे लायनिंग आणि छताची पॅनेल पहिल्यांदा बघतात. नमुना काढण्याआधी जागा ओली करा, मास्क घाला, काढल्यावर ती जागा सील करा, आणि प्रत्येक पिशवीवर जागा, तारीख आणि क्रमांक लिहा. जिथे नमुना काढता येत नाही तिथे ‘असण्याची शक्यता’ असं नोंदवायचं. ‘नाही’ असं कधीच लिहायचं नाही. अनेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे यादी बनवली की काम संपत नाही. नवा सुटा भाग जहाजावर आला की पुरवठादाराचं मटेरियल डिक्लरेशन घेऊन यादी अद्ययावत ठेवावी लागते, आणि हे काम जहाज चालतं तोवर चालतं. छोट्या सर्व्हे फर्मसाठी खरी स्थिर मिळकत तिथे आहे.

इलेक्ट्रिक गाड्या हा दुसरा भाग. गाड्या नेणारी जहाजं आगीनंतर बुडाली: फेलिसिटी एस २०२२ मध्ये आणि मॉर्निंग मिडास २०२५ मध्ये. आगीचं मूळ गाड्यांच्या बॅटरीतच होतं असं दर वेळी सिद्ध होत नाही, पण विमा कंपन्यांचं लक्ष आता तिकडे आहे. लिथियम-आयन बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांना आयएमडीजी कोडमध्ये (धोकादायक मालाच्या समुद्री वाहतुकीच्या नियमांत) यूएन ३५५६ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला आणि तो १ जानेवारी २०२६ पासून सक्तीचा आहे. लोडिंगपूर्वी गाडीच्या तळाला लागलेले ठोके, डॅशबोर्डवरचे इशारे, चार्जची पातळी वाहतूकदाराच्या मर्यादेत आहे का, आणि लॅशिंग ठरलेल्या बिंदूंनाच बांधलंय का, हे बघा. जुन्या, अपघातग्रस्त गाड्यांकडे जास्त वेळ द्या. आग विझल्यावर सर्व्हेसाठी लगेच आत जाऊ नका. अशा बॅटऱ्या तासांनी, कधी दिवसांनीही पुन्हा पेटतात आणि त्यांच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो.

बंकरचं काम संपलेलं नाही, त्याचं स्वरूप बदललंय. मीटर असलेल्या बार्जवर मीटरचे सील, शून्य तपासणी आणि आधी-नंतरचं टोटलायझर (एकूण बेरजेचं) वाचन हे तुमचं काम. मीटर नसेल तर जुनीच शिस्त: डिलिव्हरीच्या आधी आणि नंतर बार्जच्या सगळ्या टाक्या मोजा, फक्त ‘ज्यातून दिलं’ त्या नाही. टेपवर फेस आणि बुडबुडे दिसले, होज झटके देऊ लागला तर तेलात हवा भरली जातेय असं समजा, ताबडतोब लिहून कळवा, आणि फेस बसेपर्यंत शेवटचं माप घेऊ नका.

रिमोट सर्व्हे घ्यायचा असेल तर आधी रेकॉर्ड केलेली क्लिप नाकारा. थेट व्हिडिओ हवा, आणि कॅमेरा जहाजाच्या नावापासून किंवा फ्रेम क्रमांकापासून न थांबवता दोषापर्यंत न्यायला सांगा. दोषाशेजारी स्टीलची पट्टी ठेवायला लावा. मूळ फाइल तारखेसकट स्वतःकडे ठेवा. मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेल्या फोटोत हा तपशील बहुतेक वेळा उडालेला असतो. रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा की काय पाहिलं ते दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातून, आणि काय पाहता आलं नाही. गंज किती खोल आहे, प्लेट किती बारीक झालीय, हे पडद्यावर कळत नाही. तिथे जाडी मोजणारा माणूस पाठवावा लागतो, आणि ते तुमच्या अशिलाला तुम्हीच सांगायला हवं.

जिवंत घरी जाणं

होल्ड किंवा टाकीत उतरण्याआधी ऑक्सिजन २०.९ टक्के आहे का, हे वर, मध्ये आणि खाली, तिन्ही पातळ्यांवर मोजलेलं बघा. थोडा कमी असेल तरी थांबा, कारण कमी झालेल्या ऑक्सिजनची जागा कशाने घेतलीय हे तुम्हाला माहीत नसतं. कोळसा, वुड पेलेट, लोखंडी भंगार, कोप्रा हे सगळे ऑक्सिजन खातात, आणि शेजारच्या शिडीच्या जागेतही ही हवा शिरते. वुड पेलेट कार्बन मोनॉक्साइडही सोडतात. स्वतःचा गॅस मीटर स्वतः कॅलिब्रेट करून न्या. जहाजावरचा मीटर चालू आहे, एवढं कोणी म्हटलं म्हणून भरवसा ठेवू नका. जहाज निघण्याची घाई ही तुमची घाई नाही.

रिपोर्ट आणि विमा

काम हाती घेण्याआधी एका ईमेलमध्ये तीन गोष्टी पक्क्या करा: नेमणूक कोणी केली, पाहणी कशाची आणि कशाची नाही, आणि जबाबदारीची मर्यादा किती. त्याच जहाजावर दुसऱ्या बाजूचं काम आधी घेतलं असेल तर ते लगेच सांगा. रिपोर्टमध्ये पाहिलेलं आणि वाटलेलं वेगवेगळ्या भागांत लिहा. ‘समुद्राच्या पाण्यामुळे झालं’ याऐवजी ‘दिसणाऱ्या खुणा समुद्राच्या पाण्याशी जुळतात, अमुक चाचणी बाकी आहे’ असं लिहा. मूळ टिपणवही, अगदी पावसात भिजलेली पानंसुद्धा, जपून ठेवा. टाइप केलेल्या रिपोर्टपेक्षा उलटतपासणीत तीच जास्त कामाला येते.

प्रोफेशनल इन्डेम्निटी विमा (कामातल्या चुकीबद्दलच्या दाव्यांसाठीचा) बहुतेक वेळा दावा येईल त्या वर्षाच्या पॉलिसीवर चालतो, काम केलं त्या वर्षाच्या नाही. म्हणून कंपनी बदलताना जुन्या कामांची तारीख नव्या पॉलिसीत धरली आहे का, ते वाचून घ्या. धंदा बंद करताना काही वर्षांचं रन-ऑफ कव्हर (नंतर येणाऱ्या दाव्यांसाठीचं संरक्षण) घ्या, कारण कार्गोचा दावा माल उतरल्यावर बऱ्याच महिन्यांनी तुमच्या दारात येऊ शकतो.